फॅट्स वॉलरचा डावा हात

(दृश्य: १९४१ची कृष्णधवल फिल्म. तिरकी हॅट, मिचकावलेले डोळे, पियानो.)

ही तीन मिनिटांची फिल्म थिएटरसाठी काढलेली नाही. त्या काळी अमेरिकेतल्या बारमध्ये आणि हॉटेलांत कपाटाएवढी यंत्रं उभी असायची. दहा सेंटचं नाणं टाकलं की पडद्यावर असं एखादं गाणं लागायचं. गाणं आधी रेकॉर्ड करायचं आणि कॅमेऱ्यासमोर त्यावर अभिनय करायचा, म्हणजे आपल्याच सिनेमावाल्यांचा खाक्या. अभिनयात हा गडी, अमेरिकन जॅझ पियानोवादक फॅट्स वॉलर, पटाईत. एक भुवई वर, एक खाली, ओळ संपता संपता एखादी कोपरखळी. गंमत्या गाणारा म्हणून लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि तेवढाच लक्षात ठेवला.

आम्ही आता चौकटीचा वरचा अर्धा भाग झाकतोय.

(दृश्य: तीच फिल्म, फक्त हात.)

थॉमस राइट वॉलर, जन्म २१ मे १९०४, न्यूयॉर्क. अंगाने भरलेला, म्हणून ‘फॅट्स’. वडील धर्मोपदेशक. त्यांच्या प्रार्थनासभेत हा पोरगा ऑर्गन वाजवायचा. आपल्या संगीत नाटकांच्या साथीला असायचा, त्याच जातीचा. पुढे पोरसवदा वयातच हार्लेमच्या, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या, लिंकन थिएटरमध्ये मूकपटांना ऑर्गनची साथ. पडद्यावर पाठलाग असेल तर बोटं पळवायची, प्रेमप्रसंग असेल तर आवरायची. वडिलांना हे पसंत नव्हतं. १९२० साली आई गेली आणि मुलगा एका पियानोवादक मित्राच्या घरी राहायला आला.

त्या घरात आपोआप वाजणारा पियानो होता.

(दृश्य: भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी फिरते. पट्ट्या आपोआप खाली जातात.)

इथे जरा थांबू, कारण हे यंत्र पुन्हा पुन्हा बघावं असं आहे. कागदावर जिथे भोक, तिथे हवा शिरते आणि ती पट्टी दबते. नामांकित वादक स्वतःचं वादन अशा कागदावर उतरवून ठेवायचे. वेग कमी करायचा आणि दबलेल्या पट्ट्यांवर आपली बोटं ठेवायची. गुरू समोर नसला तरी त्याचा हात तुमच्या हाताखाली. हार्लेमची बरीच पोरं अशीच शिकली. या कागदांवर वॉलरला भेटले जेम्स पी. जॉन्सन, त्या वेळचे तिथले सगळ्यात वजनदार वादक. मग ते प्रत्यक्षही भेटले आणि त्यांनी त्याला तालमीत घेतलं.

(दृश्य: आमच्या पियानोवादकाचा डावा हात, संथ गतीत.)

चार मात्रा मोजा. पहिलीला डावा हात पार खाली, खर्जात. दुसरीला उडी मारून मध्यात, तिथे तीन-चार सूर एकदम. तिसरीला पुन्हा खाली, चौथीला पुन्हा वर. हात सारखा ढांगा टाकत असतो आणि नजर तिकडे न्यायची सोय नाही, कारण उजवा हात वेगळंच काही सांगतोय. खर्जातही वॉलर एका सुरावर भागवत नाही. सा आणि पुढच्या सप्तकातला ग तो एकाच हाताने धरतो. दहा पांढऱ्या पट्ट्यांचं अंतर. आमच्या वादकाची करंगळी नवव्या पट्टीशी अडते, बघा. हा हात असला की ढोलवाला नको, बासवाला नको.

आणि ते परवडायचंही नाही. हार्लेममध्ये घरभाडी अवाच्या सवा होती. भाडं थकलं की लोक घरातच पार्टी ठेवायचे: दारात थोडे पैसे द्या, आत खा-प्या, नाचा. ऑर्केस्ट्राच्या जागी एक पियानोवाला, पहाटेपर्यंत. दुसरा पियानोवाला आला की जुगलबंदी. वॉलर इथे तयार झाला. संगीत विद्यालयांची नावं घेणाऱ्यांनी या खोल्यांचीही घ्यावीत, असं आम्हाला वाटतं.

(दृश्य: रंगमंचाचं जुनं छायाचित्र, नंतर स्वरलिपीचा कागद.)

१९२९. चाली त्याच्या, शब्द अँडी रझाफचे. ‘हॉट चॉकलेट्स’ हा रंगमंचीय कार्यक्रम हार्लेमच्या नाइट क्लबमधून ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या नाट्यगृहांच्या भागातल्या, हडसन थिएटरात गेला. ‘एन्ट मिसबिहेव्हिन’ त्यातलंच. ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगने ते वाजवलं आणि गावभर केलं. ‘ब्लॅक अँड ब्लू’ही त्यातलंच, काळ्या कातडीचं दुःख ब्रॉडवेच्या प्रेक्षकांसमोर सरळ मांडणारं. ‘हनीसकल रोझ’सुद्धा याच वर्षीचं.

हाती रोकड हवी म्हणून त्याने गाण्यांचे हक्क कवडीमोलाने विकून टाकले. ती अजून वाजतात.

(दृश्य: चर्चमधला पाइप ऑर्गन, जुनं छायाचित्र.)

न्यू जर्सीतल्या कॅम्डनला व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीने एक चर्च विकत घेऊन तिथे स्टुडिओ केला होता. पाइप ऑर्गनवर पट्टी दाबली की सूर किंचित उशिरा उमटतो. जॅझसाठी हे वाद्य म्हणजे अडचणच. १९२६ पासून वॉलरने त्याच्यावर जॅझ रेकॉर्ड केलं. ऑर्गन हेच आपलं खरं प्रेम, असं तो सांगायचा. खप मात्र गमतीच्या गाण्यांचा.

१९४३ साली ‘स्टॉर्मी वेदर’ चित्रपटात तो झळकला. त्याच वर्षी ‘अर्ली टू बेड’ या ब्रॉडवे नाटकाला संगीत दिलं. १५ डिसेंबरला न्यूमोनियाने, कॅन्सस सिटीजवळ रेल्वेत, गेला. वय ३९.

(दृश्य: फिरणारी तबकडी.)

१ मार्च १९२९ची ध्वनिमुद्रिका, ‘हँडफुल ऑफ कीज’. एकटा वॉलर आणि पियानो. गाणं नाही, गंमत नाही. अख्खी ऐकवतोय, निवेदन आता बंद.