करार वाचणारं यंत्र आणि नवा वकील

नमस्कार श्रोतेहो.

वकील म्हटलं की कोर्ट, साक्षीदार, उलटतपासणी असं चित्र डोळ्यांपुढे येतं. पण आमच्यातले पुष्कळ जण कोर्टाची पायरी क्वचितच चढतात. मालाच्या पुरवठ्याचे, नोकरीचे, जागेचे करारनामे लिहायचे, समोरच्या पक्षाकडून आलेला मसुदा तपासायचा, धोक्याची कलमं बदलून परत पाठवायची, हे आमचं काम. मी बरीच वर्षं तेच करते आहे. सध्या विधी महाविद्यालयातून बाहेर पडणारी मुलंमुली मला हमखास विचारतात, ‘मॅडम, मसुदे आता एआय तपासणार. मग आम्ही या वाटेला यायचं का?’

जरूर यायचं, असं माझं उत्तर आहे. मात्र यंत्राला काय जमतं हे आधी मोकळेपणाने मान्य करू या. २०१८ साली लॉगीक्स या कंपनीने २० अनुभवी अमेरिकन वकिलांना आणि आपल्या एआय प्रणालीला गोपनीयतेचे तेच ५ करार तपासायला दिले. धोक्याच्या जागा ओळखण्यात वकिलांची अचूकता सरासरी ८५ टक्के भरली, यंत्राची ९४ टक्के. वकिलांना सरासरी ९२ मिनिटं लागली, यंत्राला २६ सेकंद. चाचणी कंपनीने स्वतःच घडवून आणली होती, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी रोजच्या कामातही मला हेच दिसतं. ऐंशी पानी करारात व्याख्या एका अर्थाने दिली आणि पुढे शब्द वेगळ्याच अर्थाने वापरला, परिशिष्टाचा उल्लेख आहे पण परिशिष्ट जोडलेलंच नाही, अशा गोष्टी रात्री उशिरा थकलेल्या डोळ्यांतून निसटतात. यंत्राला थकवा नाही. मी ते वापरते आणि त्याचा मला उपयोग होतो.

अडचण पुढे येते. समजा, भोसरीतला एक लघुउद्योजक चाकणच्या मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवतो. कारखान्याने पाठवलेल्या मसुद्यात लिहिलंय की बिलाचे पैसे ९० दिवसांनी मिळतील. जगभरचे करार वाचून तयार झालेलं यंत्र ही अट ‘सर्वसाधारण’ म्हणून सोडून देऊ शकतं. पण आपल्याकडे २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने दिलेला माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडची मुदत लेखी करारानेही ठरवता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. करारात उलट लिहिलं असलं तरी. हे ठाऊक असलेला वकील त्या अशिलाला काय मिळवून देऊ शकतो, याचा विचार करा.

त्याच करारात आणखी एक गोष्ट असते, म्हणजे खरं तर नसते. भाग बनवायला लागणारा डाय, म्हणजे साचा, कुणाच्या पैशाने तयार झाला? ऑर्डर बंद झाली तर तो कुणाच्या ताब्यात राहणार? मसुदा यावर गप्प असेल, तर त्या अशिलाचा डाय त्याच्याच शेडमध्ये पडून आहे आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते चालू आहेत, हे यंत्राला कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. वकिलाने अशिलाला समोर बसवून विचारलं पाहिजे.

नोकरीच्या करारांचंही तसंच. ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार नाही’ ही अट परदेशी नमुन्यांत सर्रास सापडते आणि कित्येक देशांत ती टिकतेही. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे ती सहसा टिकत नाही. नोकरीची मुदत चालू असताना घातलेलं बंधन मात्र निराळं. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधल्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच ते वैध ठरवलं. आणि घरभाड्याचा तर साधा प्रश्न आहे. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हे ऐकीव ज्ञान यंत्रही ठामपणे सांगेल. पण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची.

हा ठामपणा फसवा असतो. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे कोर्टात दाखल केले. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड ठोठावला. तेव्हा यंत्राने कलम किंवा निवाडा सांगितला की मूळ उघडून वाचायचा, त्याला पर्याय नाही. अशिलाचा करार कुठल्याही मोफत संकेतस्थळावर चढवायचाही नाही. त्याची गुपितं सांभाळणं हे आपलं कर्तव्य आहे.

मला खरी काळजी ज्युनिअरांची वाटते. पूर्वी नवा वकील कंटाळवाणे करार ढिगाने वाचायचा आणि त्यातूनच त्याची नजर तयार व्हायची. तेच काम आता सगळ्यात आधी यंत्राकडे चाललं आहे. म्हणून नव्या वकिलांना मी आग्रहाने सांगते: मसुदा पहिल्यांदा स्वतः वाचा, पेन्सिल हातात घेऊन, शेवटच्या परिशिष्टापर्यंत. तुमच्या हरकती लिहून काढा, आणि त्यानंतरच यंत्राची यादी उघडा. त्याला दिसलेलं आणि तुम्हाला न दिसलेलं कलम पुन्हा वाचा. तुम्हाला दिसलेलं आणि त्याने सोडलेलं असेल, तर ते का खटकलं हे सीनिअरला समजावून सांगता येतं का, ते पाहा. आणि सीनिअर वकिलांना माझी विनंती आहे, की यंत्रामुळे वाचलेल्या वेळातला अर्धा तास रोज या बोलण्यासाठी राखून ठेवा.

नमस्कार.