खाजणातला तांदूळ खारट का लागत नाही

(पुण्यातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'खारवट जमीन आणि तांदळाचं पोषणमूल्य'. समोर निम्मे इंद्रायणीवाले आणि निम्मे आंबेमोहोरवाले बसलेत, त्यामुळे तांदळाची ओळख करून देत नाही. फक्त एक विचारतो. रोजच्या जेवणात लाल तांदूळ कोण खातं? हात वर करा. बरं. आणि हात वर केलेल्यांपैकी कोकणातले कोण? सगळेच! मग त्यांनी निवांत बसावं, मी बाकीच्यांशी बोलतो.

पेणहून अलिबागकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सपाट, झाडं फारशी नसलेली जमीन लागते, तो खारेपाट. बांध घालून समुद्राकडून मिळवलेली ही खारी शेतजमीन म्हणजेच खाजण. समुद्राचं पाणी बांध घालून अडवायचं, बांधात उघाडी ठेवायची, म्हणजे ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर जातं आणि भरतीला झडप मिटते. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हे केलं. याच भागातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 अशी सहा वर्षं जमिनी पडीक ठेवून संप केला. त्यावर वेगळं व्याख्यान ठेवा, मी ऐकायला येईन. मुद्दा असा, की इथल्या माणसांना जमिनीची किंमत ठाऊक आहे. उधाणात बांधाला खांड गेली की एका रात्रीत शेत खाऱ्या पाण्याखाली जातं, आणि ते मीठ धुऊन निघायला पुढचे पावसाळे जातात.

तिथे एका घरी मी जेवायला होतो. लाल भात, जिताड्याचं कालवण. जिताडा त्यांच्याच तळ्यातला. घरातल्या आजींनी वाढता वाढता विचारलं, "काय रे, खारा लागतो का भात?" नाही म्हटलं. तर म्हणाल्या, "मग पुण्याची माणसं नाक का मुरडतात?" मी पुण्याचा, माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या मुलाकडून थोडा तांदूळ विकत घेतला आणि इथे मार्केट यार्डात एका व्यापाऱ्याला दाखवायला नेला. म्हटलं, याला गिऱ्हाईक मिळेल का?

त्यांनी मूठभर तांदूळ तळहातावर घेतला, उजेडात धरला. "लाल आहे. तुकडा फार आहे. दाण्याच्या पोटात पांढरं आहे. पॉलिश करून आणा, मग बघू." म्हणजे ज्या सालीत जीवनसत्त्वं आहेत ती काढून आणा! शिवाय पॉलिश करूनही भाव पडलेलाच सांगितला. बाहेर आलो तेव्हा मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. खाऱ्या जमिनीत, उधाणाशी झगडून पिकवलेला दाणा आपण फक्त रंगावर आणि लांबीवर तोलतो. सरकारी तक्त्यातही बहुतेक वेळा हेक्टरी क्विंटल हाच रकाना वाचला जातो. दाण्याच्या आत काय आहे ते कुणी विचारत नाही.

पण त्या गृहस्थांच्या तीन वाक्यांतली दोन शास्त्रशुद्ध होती. तुकडा आणि पोटातला पांढरेपणा. ते मिठाचं काम असू शकतं. कसं ते सांगतो.

आधी आजींचा प्रश्न. जमीन खारी, मग भात खारट का नाही? मुळांतून सोडियम आत शिरतो हे खरं. पण भाताचं रोप तो वर जाऊ देताना अडवतं. पाणी वर नेणाऱ्या नलिकांमधून सोडियम परत ओढून घेणारं एक प्रथिन असतं. त्याचं जनुक 2005 साली बंगालच्या नोना बोकरा या जुन्या जातीतून ओळखलं गेलं. तरी जो सोडियम सुटतो तो जुन्या पानांत आणि देठांत साठतो. ती पानं वाळतात, कोवळी वाचतात. दाण्याला अन्न जातं ते दुसऱ्या नलिकांतून, साखरेच्या रूपात, आणि त्या वाटेने सोडियम फारच थोडा जातो. त्यामुळे रक्तदाबवाल्यांनी खाजणातल्या तांदळाला घाबरायचं कारण नाही. मीठ तपासायचंच असेल तर भातावर घेता त्या लोणच्याचं तपासा. (हशा)

अपाय होतो तो दुसरीकडे. भाताचं रोप अगदी लहान असताना आणि पुन्हा पोटरीपासून, म्हणजे लोंबी अजून पात्याच्या आत असते तेव्हापासून, फुलोऱ्यापर्यंत मिठाला फार हळवं असतं. कोकणात जून-जुलैच्या पावसाने वरचं मीठ धुऊन जातं, म्हणून पीक घेता येतं. पण सप्टेंबरात पावसाने दडी मारली की खालचं मीठ ओलाव्याबरोबर वर चढतं आणि नेमका तेव्हा फुलोरा असतो. परागकण निकामी होतात, लोंबी पोचट निघते. आकड्यात सांगायचं तर मातीच्या अर्काची विद्युतवाहकता, म्हणजे खारेपणाचं माप, 3 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की भाताचं उत्पादन घटू लागतं, पुढच्या प्रत्येक एककाला साधारण 12 टक्के. म्हणजे 6 वर पोचली की तिसऱ्या हिश्शाहून जास्त पीक गेलं.

चिठ्ठी आली. अध्यक्ष म्हणतात, दहा मिनिटं. मग पत्रिकेवरचा विषय आता पळत सांगतो.

जे दाणे भरतात त्यांत स्टार्च कमी बसतो, कारण पानांकडून साखर कमी येते आणि तिचा स्टार्च करणारी विकरं मंदावतात. दाणा हलका राहतो, आत पोकळ्या राहून खडूसारखा पांढरा दिसतो आणि गिरणीत तुटतो. व्यापाऱ्यांनी पाहिलं ते हेच. अशा दाण्यात प्रथिनांची टक्केवारी कधी कधी वाढलेली दिसते आणि लगेच बातमी येते, खाऱ्या जमिनीतला तांदूळ पौष्टिक! जरा थांबा. स्टार्च घटला म्हणून टक्का वाढला. एकरी प्रथिन मोजा, ते बहुधा घटलेलंच असतं.

जस्ताचं वेगळं, आणि इथे आपल्या जिल्ह्याकडे बघा. नीरा डावा कालवा 1885 साली सुरू झाला आणि काही वर्षांत बारामतीकडच्या जमिनी फुटू लागल्या, म्हणजे खारावू लागल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मॅन आणि ताम्हणे यांनी 1910 मध्येच त्यावर लिहून ठेवलंय. तिथे भात नाही, ऊस आहे, पण चोपण, म्हणजे सोडियमने घट्ट झालेली अल्कधर्मी जमीन, कशी असते ते तिथे दिसतं. सामू साडेआठच्या वर गेला की जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाही. उत्तरेतल्या तराईत भाताला खैरा रोग पडायचा, तो जस्ताच्या कमतरतेने होतो हे पंतनगरच्या कृषी विद्यापीठात 1966 मध्ये कळलं. रोपालाच जस्त पुरत नाही तिथे दाण्यात कुठून येणार? आणि ज्या घरात दोन्ही वेळा भातच मुख्य, तिथे मुलांच्या वाढीला लागणारं जस्त बरंचसं याच दाण्यातून यायचं असतं. जस्त जास्त असलेल्या जाती आता आहेत. डीआरआर धान 45 या भाताच्या जातीत पॉलिश केल्यावरही दर किलोला 22.6 मिलिग्रॅम जस्त नोंदलंय, नेहमीच्या पांढऱ्या तांदळापेक्षा बरंच जास्त.

आणखी एक. मिठातलं क्लोराइड कॅडमियम या विषारी धातूला धरून मातीत हलतं ठेवतं, म्हणजे तो मुळांना सहज मिळतो. म्हणून ज्या खाडीत कारखान्यांचं सांडपाणी येतं, तिथल्या भाताचा दाणा तपासायलाच हवा.

आता माझं म्हणणं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने कोकणातल्या काळा रता आणि भुरा रता या जुन्या लाल जातींतून निवड केली. त्यातली भुरा रता 4-10 पुढे हरियाणात कर्नालच्या क्षारजमीन संशोधन संस्थेत गेली, तिचा बासमतीशी संकर झाला आणि 2001 साली सीएसआर 30 ही क्षार सोसणारी बासमती हरियाणाच्या शेतकऱ्याला मिळाली. तिचं मूळ आपल्या खाजणात आहे आणि इथे तिच्या आजीला कुणी दुकानात उभं करत नाही! मिठात टिकणारी जात दाणाही नीट भरते आणि लाल साल ठेवून खाल्ली तर ब जीवनसत्त्वं आणि लोह पॉलिशमध्ये जात नाहीत. म्हणून मागणी एवढीच, की खारभूमीतल्या जातींच्या तक्त्यात क्विंटलच्या शेजारी जस्त, लोह आणि प्रथिनं असे तीन रकाने घाला आणि भाव ठरवताना तेही वाचा. चाचणी करायला प्रयोगशाळा आहेत, नमुने पाठवायला शेतकरी तयार आहेत.

जिप्समचं कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. जिप्सम हे कॅल्शियमचं खनिज, ते चोपणातला सोडियम हटवायला. खाजणात आधी बांध, उघाडी आणि निचरा दुरुस्त करा, मीठ पावसाच्या पाण्याने धुवावं लागतं. आता प्रश्न घेऊ. हो, मागे त्या ताई, तुम्ही विचारा.