छत्तीस अंशांची फट

एकाच आकाराचे तुकडे जोडून सपाट पृष्ठभाग फट न ठेवता, एकावर एक न चढवता झाकायचा आहे. टेबलावर पुठ्ठ्याचे तीन नियमित पंचकोन आहेत. एका बिंदूपाशी कोपऱ्याला कोपरा भिडवलेला. प्रत्येक कोन १०८ अंशांचा, तिन्हींची बेरीज ३२४. पूर्ण फेऱ्याला ३६ अंश कमी पडतात, तीच ही फट. चौथा पंचकोन दामटून घातला तर शेजाऱ्यावर चढतो.

नियमित आकारांत हा हिशेब तिघांनाच जुळतो: त्रिकोण सहा लागतात, चौरस चार, षटकोन तीन.

आता नियमितपणा सोडून देऊ. कात्रीनं कसाही वेडावाकडा चौकोन कापा. कोपऱ्यांवर क, ख, ग, घ लिहा. कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवा. मग एका बाजूचा मध्यबिंदू काढून त्याभोवती चौकोन अर्धा फेरा फिरवा. तीच बाजू स्वतःच्याच रेघेला उलट्या टोकांनी येऊन भिडते. पुन्हा पेन्सिल फिरवा. प्रत्येक बाजूला हेच करत गेलात की कोपरे भिडतात त्या कुठल्याही बिंदूपाशी क, ख, ग, घ एकेकदाच दिसतील. चौकोनाच्या कोनांची बेरीज ३६०, त्यामुळे फट राहायला जागाच नाही. एक कोपरा आत दबलेला असला तरीही.

चुकतं ते दोन ठिकाणी. पुठ्ठा फिरवायच्या ऐवजी पालथा घातला जातो. आयतात ते खपून जातं, इथे नाही. दुसरं, मध्यबिंदू अर्धा मिलिमीटर हुकला की तुकडा एक मिलिमीटर सरकतो, आणि दहाव्या तुकड्यापर्यंत फटी उघड्या पडतात.

पंचकोनही पुरता बाद नाही. घराच्या चित्रासारखा, दोन भिंती समांतर असलेला पंचकोन सहज बसतो. फट न ठेवता बसणाऱ्या बहिर्वक्र, म्हणजे एकही कोपरा आत न दबलेल्या, पंचकोनांचे १५ प्रकार आहेत. त्यांतले चार १९७०च्या दशकात मार्जोरी राइस या गृहिणीनं शोधले, शालेय गणिताच्या बळावर. बसणाऱ्या बहिर्वक्र षटकोनांचे प्रकार तीन. सात किंवा अधिक बाजूंच्या बहिर्वक्र आकारांना मात्र हे जमतच नाही.

आत दबलेले कोपरे चालवून घेतले, तर डेव्हिड स्मिथ यांना २०२२मध्ये सापडलेला हा टोपीसारखा तुकडा पाहा. बाजू १३. तो सगळा पृष्ठभाग व्यापतो, पण नक्षी सरकवून स्वतःवर कधीच तंतोतंत बसत नाही. आणि इथे पालथं घालणं ही चूक नव्हे, गरजच: साधारण सात सुलट तुकड्यांमागे एक पालथा लागतो. २०२३मध्ये स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीही गरज काढून टाकली. नव्या तुकड्याच्या कडा नागमोडी आहेत. पालथा तुकडा मिसळला तर नक्षी पुढे जातच नाही.