टायटर किती आला?

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी बरेच जण आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास डायलिसिसच्या मशीनवर असतात आणि बाकीचे त्यांना घेऊन येणारे. म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

काल एका काकांची फाईल बघत होतो. हिपॅटायटिस बी लसीचं कार्ड टाचलेलं, चारही डोसांच्या तारखा, सह्या, बॅच नंबर, सगळं जागच्या जागी. खाली टायटरचा, म्हणजे लशीमुळे रक्तात किती अँटीबॉडी तयार झाल्या त्या आकड्याचा, रकाना मात्र कोरा. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टर, लस तर पूर्ण झाली ना?" झाली. पण लागू पडली का?

हे विचारावं लागतं, कारण किडनी थकली की रक्तात साठणारी द्रव्यं प्रतिकाराच्या पेशींनाही मंद करतात. लशीतला विषाणूचा तुकडा एक पेशी उचलते आणि टी पेशीपुढे नेऊन धरते. त्या वेळी "हाच तो" असा दुजोराही द्यावा लागतो. नेमका तो इथे क्षीण पडतो. मग अँटीबॉडी कमी बनतात आणि लवकर ओसरतात. डायलिसिसने युरिया उतरतो, पण ही उणीव पुरती भरून निघत नाही. निरोगी तरुणांत शंभरातल्या नव्वदाहून जास्त जणांना ही लस लागू पडते. डायलिसिसवर मात्र ते प्रमाण बरंच घसरतं.

म्हणून आपला डोस दुप्पट असतो. एरवी 20 मायक्रोग्रॅम, इथे 40. वेळाही चार: आज, मग एक, दोन आणि सहा महिन्यांनी. सुई दंडात, कुल्ल्यावर नको, तिथे ती चरबीतच राहते. आणि फिस्ट्युलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेल्या हातात कुणालाही लस टोचू देऊ नका, अगदी नर्स ओळखीची असली तरी.

शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस, म्हणजे हाच टायटर, तपासायचा. 10 च्या खाली आला तर पुन्हा सगळे डोस. वर आला तरी दरवर्षी बघायचा, आणि खाली उतरला की बूस्टर.

एवढा आटापिटा कशासाठी? हा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या न दिसणाऱ्या थेंबातही सात दिवस टिकतो. 1969-70 मध्ये एडिंबराच्या डायलिसिस विभागात हिपॅटायटिस बीची कावीळ पसरली, तेव्हा पेशंट तर दगावलेच, तिथे काम करणारेही दगावले. त्या वेळी लसच नव्हती. आज ती आहे, म्हणून कोरा रकाना बघून माझा जीव तुटतो. टेक्निशियन मंडळींनो, तुमचाही टायटर बघून घ्या.

कोविडच्या वेळी हेच दिसलं. पहिल्या डोसनंतर डायलिसिसवरच्या अनेकांत अँटीबॉडी जेमतेम, दुसऱ्यानंतर बहुतेकांत चढल्या, पण लवकर उतरल्या. फ्लूची लस दरवर्षी घ्या, न्यूमोनियाचीही विचारून घ्या.

घरात कुणाचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकली की रक्तात वाढणारं द्रव्य, नुकतंच वाढायला लागलं असेल, तर माझी हात जोडून विनंती आहे: हिपॅटायटिसची लस आत्ताच द्या, डायलिसिस लागेपर्यंत थांबू नका. शरीर जितकं सावध, तितकी लस चांगली लागू पडते. किडनी बदलायची असेल तर कांजिण्यांसारख्या जिवंत विषाणूच्या लशीही आधीच उरकाव्या लागतात. नंतरच्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर त्या चालत नाहीत.

काकांचा नमुना काल डायलिसिसला जोडतानाच घेतला, वेगळी सुई लागली नाही. रिपोर्ट परवा येईल.