तापीच्या फुगवट्यातला गाळ

नमस्कार श्रोतेहो.

१८७२ साली पांझरेला मोठा पूर आला, धुळ्याची बरीच हानी झाली, हे जुन्या गॅझेटिअरात सापडतं. सुरत बुडवणारा तापीचा १९६८चा पूर तर आपल्यातल्या कित्येक आजी-आजोबांना आठवत असेल. पण हजार वर्षांपूर्वीच्या पुराचा पंचनामा कोणी केला?

नदीनंच. तापी फुगली की तिचं पाणी नाल्यांच्या तोंडातून उलटं आत शिरतं. आपण त्याला फुगवटा म्हणतो. तिथं पाणी थोपतं आणि बारीक रेती, गाळ खाली बसतो. पुढच्या मोठ्या पुरात त्यावर दुसरा थर. सर्वांत उंच थर जिथं असेल, तिथवर पाणी आलं होतं हे नक्की. त्याहून वर गेलं असेल, कमी नाही. त्या उंचीवरून आणि पात्राच्या मापावरून किती पाणी वाहिलं असेल, याचा हिशोब मांडता येतो.

पुण्याचे भूगोलतज्ज्ञ विश्वास काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्मदेच्या घळईत असे थर वाचले, तसेच थरच्या वाळवंटातल्या लुणी नदीवरही. लुणी एरवी कोरडी, पण १९७९च्या जुलैत तिनं हाहाकार केला होता. आता पूर शोधायला वाळवंटात कशाला जायचं, असं वाटेल. पण तिथं नांगर कमी, मुळं कमी, गांडुळं कमी. थर बसला की बसला. त्याच वाळवंटातल्या लुणकरणसरच्या तळ्यातला गाळ सांगतो, की ते तळं पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वी आटलं.

आपली काळी माती याबाबतीत अगदी बेभरवशाची. उन्हाळ्यात तिला हात हात भेगा पडतात, वरची माती आत जाते, पावसात फुगून खालची वर येते. ती स्वतःलाच नांगरते! म्हणून खान्देशात शेतात नव्हे, नदीकाठच्या उभ्या दरडीत पाहायचं. पिवळसर गाळात पांढरे चुनखडे दिसले, तर पाऊस बेताचा आणि ऊन कडक अशा काळात ती माती बराच वेळ उघडी राहिली, असं समजायला जागा असते.

थराचं वय काढण्याची रीत मोठी गमतीची आहे. गाडलेल्या वाळूच्या कणात आसपासच्या किरणोत्सारामुळं ऊर्जा साठत जाते, आणि ऊन लागलं की ती क्षणात रिकामी होते. म्हणजे कणात साठलेली ऊर्जा आणि ती वर्षाला किती साठते हे मोजलं, की तो शेवटचा उन्हात कधी होता ते कळतं. म्हणून नमुना घेताना लोखंडी नळकांडं दरडीत ठोकायचं, तोंडं काळ्या कापडानं बांधायची आणि प्रयोगशाळेत लाल दिव्यात उघडायचं, जुन्या फोटो स्टुडिओतल्या अंधारखोलीसारखं. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत हे काम चालतं.

मला खटकतं ते एवढंच, की तापीकाठच्या घळी जेसीबी लावून सपाट होत आहेत. केळी लावायला जमीन हवी, हे मान्य. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. पण तुमच्या बांधाकडेची दरड पाडायची असेल, तर आधी एका सकाळी, ऊन तिरपं असताना, तिच्यासमोर एक काठी उभी करून फोटो काढून ठेवा. काठीची लांबी मात्र फोटोमागं लिहायला विसरू नका.