फायबरला पोचा येत नाही

नमस्कार मंडळी.

12 फेब्रुवारी 2014 ची पहाट. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात बोलिंग ग्रीन नावाचं गाव आहे. तिथे जनरल मोटर्सच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स गाड्यांचं संग्रहालय आहे. त्या पहाटे संग्रहालयाच्या एका दालनाची जमीन खचली. तो सगळा मुलूख चुनखडीचा, पोटात गुहाच गुहा. सुमारे 30 फूट खोल खड्डा पडला आणि मांडून ठेवलेल्या 8 गाड्या त्यात गेल्या. आत माणूस कोणी नव्हता, हे नशीब.

पुढे काय झालं ते आपल्या विषयाचं आहे, कारण कॉर्व्हेटची बॉडी फायबरची असते आणि आज बोलायचं आहे ते अशा बॉडीच्या दुरुस्तीबद्दल. फायबर म्हणजे काचेचे धागे आणि त्यांना धरून घट्ट होणारं रेझिन नावाचं चिकट द्रव. 8 पैकी 3 गाड्या पुन्हा उभ्या केल्या. 2009 ची ‘ब्लू डेव्हिल’ तर वर काढल्यावर थोड्या खटपटीनंतर चक्क सुरू झाली आणि स्वतःच्या चाकांवर चालली. 1962 ची काळी कॉर्व्हेट 2018 मध्ये तयार झाली. तिसरी 1992 ची, कारखान्यातून निघालेली दहा लाखावी कॉर्व्हेट. उरलेल्या 5 गाड्यांना हातच लावायचा नाही असं ठरलं. त्या चिरडलेल्या अवस्थेतच लोकांना दाखवतात.

त्या दहा लाखाव्या गाडीवर कारखान्यातल्या कामगारांनी जागोजागी सह्या केलेल्या होत्या. नवे पॅनेल, म्हणजे बॉडीचे भाग, बसवणं जनरल मोटर्सला काही जड नव्हतं. पण सह्यांचा भाग फेकला की गाडीतलं तेच गेलं ज्यासाठी ती जपायची. म्हणून जिथे जमलं तिथे मूळ भागच वाचवले. फायबरच्या गाडीचं काम हातात घेताना पहिला प्रश्न हाच असतो: सांधायचं की बदलायचं? आपल्याकडे ‘नवीन टाकू या’ म्हटलं की काम चोख झालं असं वाटतं. फायबरच्या बाबतीत माझं मत बरोबर उलट आहे, आणि आज मी तेच मांडणार आहे.

आधी थोडा इतिहास, पटकन. जानेवारी 1953 मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात कॉर्व्हेट पहिल्यांदा दिसली. जूनअखेर मिशिगनमधल्या फ्लिंटला ती बनायला लागली. पहिल्या वर्षी फक्त 300 गाड्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. पत्र्याच्या डाय, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारे साचे, बनवायला वेळ लागतो आणि खर्चही अफाट येतो. थोड्याच गाड्या आणि लवकर हव्या असतील तर फायबर परवडतं. बॉडीचे भाग ओहायोतल्या ॲशटाब्युलाच्या कारखान्यातून यायचे. असे पुष्कळ तुकडे एकमेकांना चिकटवून बॉडी तयार व्हायची. ‘चिकटवून’ हा शब्द लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आता माल. पत्रा मार खाल्ला की ताणला जातो आणि तसाच राहतो. कुठे लागलं, किती लागलं, सगळं समोर दिसतं. डेंटिंगवाला आतून ठोकून त्याला परत आणतो. फायबरला पोचा येतच नाही. ते वाकतं, परत जागेवर उडी मारतं, नाहीतर तुटतं. आणि जागेवर परत आलं तरी आतले काचेचे धागे तुटलेले असू शकतात, थर सुटलेले असू शकतात. वरून दिसते रंगावरची एक केसासारखी चीर. शिवाय धक्का बंपरच्या कोपऱ्याला बसतो आणि तडा उमटतो हेडलाइटच्या खिडकीपाशी किंवा बॉडी जिथे बोल्टने धरली आहे तिथे, कारण कडक जागेपाशी येऊन ताण साचतो.

त्यामुळे ग्राइंडर उचलायच्या आधी गाडी नीट बघायची. चाकं काढा, आतलं अस्तर काढा, दिवा लावून मागची बाजू पाहा. एक नाणं घ्या आणि दर बोटभर अंतरावर वाजवत जा, बाजारात नारळ वाजवून घेतो तसं. धड जागेचा आवाज खणखणीत येतो. थर सुटले असतील तिथे बद्द वाजतं. खडूने खूण करा. बहुतेक वेळा खडूची रेघ चिरेच्या बरीच बाहेर जाते. ग्राहकाला ती रेघ दाखवा, कारण बिलावरून होणारं निम्मं भांडण तिथेच मिटतं.

आता सर्वांत प्रसिद्ध चूक. चीर दिसली की पुट्टी भरायची, घासायची, रंग मारायचा. गाडी महिनाभर देखणी दिसते. मग चीर त्याच जागी परत येते, कारण पुट्टीत धागा नाही. तुटलेला धागा धाग्यानेच जोडावा लागतो.

जोडण्याची रीत अशी. तड्याच्या दोन्ही अंगांनी फायबर घासून उतार करायचा. कडेला शून्य, मध्ये पूर्ण खोल. जाडीच्या 12 पट लांब उतार हा चांगला हिशोब आहे. म्हणजे 3 मिलिमीटरच्या पॅनेलला एका बाजूला 36 मिलिमीटर. लोकांना हे फार वाटतं. पण नवं रेझिन जुन्या फायबरमध्ये विरघळून एकजीव होत नाही. ते फक्त चिकटतं. चिकटायला जेवढी जागा जास्त तेवढा जोड भक्कम. शक्य असेल तर मागूनही उतार काढून थर द्यावेत. मागची बाजू वर्षानुवर्षांच्या तेला-चिखलाने माखलेली असते, ती आधी धुवा आणि मगच घासा. आधी घासलंत तर तेल खरवडीत आत जातं.

मग मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची न विणलेली चादर. चौरस मीटरला 450 ग्रॅम वजनाच्या मॅटचा एक थर साधारण 1 मिलिमीटर भरतो. मोठा तुकडा आधी घालायचा की लहान, यावर कारागिरांत दोन तट आहेत. मी मोठा आधी घालतो, म्हणजे एक अख्खा थर जुन्या अंगाला सबंध टेकतो; वरचे लहान तुकडे नंतर घासले गेले तरी तो शाबूत राहतो. रोलरने हवा काढा. पांढुरका डाग दिसला तर तिथे हवा आहे किंवा रेझिन पोचलेलं नाही.

रेझिन घट्ट करणारा हार्डनर शेकडा 1 ते 2, थंडीत थोडा वर, उन्हाळ्यात खाली. पावसाळ्यात मॅट दमट झाली तर काम पुढे ढकला. आणि कोबाल्ट (हार्डनरचं काम जलद करणारं द्रव्य) व हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नका! कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं आणि त्यानंतरच हार्डनर घालायचा. ते दोन्ही सरळ भेटले तर भडका उडतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, तेव्हा चष्मा हवाच. काचेच्या भुकटीची खाज आंघोळीने जाते, पण फुप्फुसात गेलेलं धुता येत नाही. मास्क लावा.

एवढं सगळं जुन्या गाडीला लागू. 1973 च्या सुमारापासून कॉर्व्हेटचे पॅनेल वेगळ्या मालाचे झाले. रेझिन, आखूड धागे आणि भराव आधीच मिसळलेली चादर गरम डायमध्ये दाबून काढायची. तिला एसएमसी म्हणतात. दोन्ही बाजू गुळगुळीत, रंग करडा. डायमधून सुटून यावा म्हणून या मालातच सोडवणारं द्रव्य घातलेलं असतं. मघाशी वापरलं ते साधं पॉलिएस्टर रेझिन त्याला धड धरत नाही. तिथे इपॉक्सी हे दुसऱ्या जातीचं रेझिन किंवा खास दोन भागांचं ॲडहेसिव्ह लागतं. आणि इपॉक्सी वापरायचं असेल तर साधी मॅट घेऊ नका, विणलेलं कापड घ्या; मॅटचा बाइंडर, म्हणजे धागे एकत्र धरणारा डिंक, पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रवाने विरघळतो, इपॉक्सीत तो तसाच ताठ राहतो. गाडीचं साल न विचारता काम सुरू करणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत न्या, असं मी बिनदिक्कत सांगतो.

आता बदलण्याकडे येऊ. बॉनेट बदलणं सोपं, चार बोल्ट आणि दोघं जण. फेंडरचं तसं नाही. मघाशी म्हटलं तसं, कॉर्व्हेटचे पॅनेल चिकटवलेले असतात. सांध्याच्या मागे फायबरची पट्टी असते, दोन पॅनेल तिच्यावर येऊन भेटतात. ती पट्टी न मोडता जुना फेंडर छिन्नीने सोडवायचा, जुना डिंक घासून काढायचा. नवा पॅनेल हाताने घडवलेला असेल तर जाडी मूळ भागासारखी नसते, मागची बाजू खडबडीत असते, आणि कडा जुळवायला तासन्‌तास घासावं लागतं. साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं मेणही अंगावर असतं. ते पुसल्याशिवाय घासायचं नाही. शिवाय गाडी जॅकवर टांगून पॅनेल चिकटवलात तर ती चाकांवर उतरल्यावर दाराची फट बदलते. बॉडी चौकटीवर आणि चौकट चाकांवर उभी असतानाच फटी जुळवायच्या.

म्हणून माझा नियम असा: मूळ पॅनेलचा बराचसा भाग धड असेल आणि सांधा शाबूत असेल, तर सांधा. चुराडा झाला असेल किंवा बोल्टची जागाच उखडली असेल, तर बदला. मात्र दोन्ही करण्याआधी पुढच्या काचेच्या खांबांपाशी डोकावून बघा. 1963 पासून या गाड्यांच्या आत लोखंडी पिंजरा आहे. फायबर गंजत नाही म्हणून मालक निर्धास्त असतो, आणि पिंजरा आतल्या आत पोखरलेला असतो. तो सडला असेल तर फेंडरची चर्चा नंतर.

आपल्याकडे कॉर्व्हेट किती, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आठवते का? दोन आसनांची, फायबर बॉडीची, आत रेनॉचं 1149 सीसीचं इंजिन. अशा थोड्या बनलेल्या गाडीला नवा पॅनेल दुकानात मागून मिळत नाही. तिथे दुसऱ्या धड गाडीवरून साचा काढायचा. मेण, जेलकोट म्हणजे रेझिनचा गुळगुळीत पहिला थर, मॅट, वरून लाकडी रिपा म्हणजे साचा वाकणार नाही. हे काम गाडीवाल्यांपेक्षा होडीवाल्यांना चांगलं येतं. मालवणपासून रत्नागिरीपर्यंत फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे हात आहेत. फिनिशिंग त्यांच्याकडून करून घेऊ नका, त्यांची सवय जाड कामाची असते. पण थर कसे द्यायचे ते त्यांच्याकडूनच शिका.

शेवटी रंगाची घाई. रेझिन कडक झालं म्हणजे पूर्ण पिकलं असं नाही. ते पुढेही आकसत राहतं, आणि लगेच रंग मारलात तर काही आठवड्यांनी रंगाखालून मॅटची जाळी आणि दुरुस्तीची कड उमटते. प्रायमर मारून गाडी काही दिवस उन्हात उभी करा, मग परत घासा. मालक रोज फोन करेल. करू दे. चला, आता प्रश्न घेऊ या.