विधवांच्या हातातले अंगरखे

मित्रहो,

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात यापो या नगरातील एका शिष्येचा मृत्यू वर्णिला आहे. टबीथा ऊर्फ दुर्कस हिला न्हाऊ घालून माडीवर ठेवले आहे. येशूचा प्रेषित पेत्र तिथे पोहोचतो तेव्हा विधवा रडत रडत त्याच्याभोवती जमतात आणि तिने केलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवतात. तिने कुणाला काय उपदेश केला, याविषयी तिथे एक अक्षरही नाही. ख्रिस्ती माणसाचा विश्वास समाजात कसा दिसावा, असा प्रश्न निघाला की मला प्रथम ती माडी आणि ते कपडे आठवतात.

त्याच पुस्तकाचा सहावा अध्याय मला याहून महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे सेवा चुकते. यरुशलेमेतल्या ख्रिस्ती मंडळीत ग्रीक भाषा बोलणाऱ्यांनी कुरकुर सुरू केली, की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी ही तक्रार क्षुल्लक मानली नाही, की तक्रार करणाऱ्यांना श्रद्धेचे धडे दिले नाहीत. त्यांनी मंडळीला सात माणसे निवडायला सांगितले. स्तेफन, फिलिप्प आणि त्यांच्या सोबत्यांची ती सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा झाली होती त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप गेले, असा त्याचा अर्थ घ्यायला जागा आहे, आणि मी तो घेतो. आपल्याकडे उलट घडताना मी पुष्कळदा पाहिले आहे: मदत ठरवणारे एका बाजूला बसतात, मदत घेणारे रांगेत उभे राहतात, आणि रांगेतल्या माणसाला काय हवे ते विचारायचे राहूनच जाते.

पुढे चौथ्या शतकात रोमन सम्राट ज्युलियन याने ख्रिस्ती धर्माला विरोध केला. त्याच्या पत्रसंग्रहातल्या एका पत्रात गलतियाच्या मुख्य पुजाऱ्यापुढे खंत व्यक्त झाली आहे, की हे गालीली लोक (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्या गरिबांना तर सांभाळतातच, पण आमच्याही गरिबांना सांभाळतात. विरोधकाच्या या तक्रारीत ‘आमच्याही’ हा शब्द सर्वांत मोलाचा आहे, कारण मदत मंडळीच्या उंबरठ्यापाशी थांबली नव्हती.

मात्र या मदतीला गळ लावलेला असेल, तर ती सेवा राहत नाही, हे मला स्पष्टपणे सांगायचे आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले. आभार मानायला एकच परतला, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी परका मानलेल्या समाजातला होता. बाकीचे नऊ कुठे आहेत, असे येशूने विचारले खरे, पण त्यांचे बरे होणे काही परत घेतले नाही. शिकवणीच्या वर्गाला येणारे मूल उपासनेला येते की नाही, याची नोंद ठेवणाऱ्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक सेवा आपल्याच फलकाखाली व्हावी, हा आग्रह सोडायला हवा. शाळेची पालक समिती, रक्तदानाचे शिबिर, वस्तीतल्या पाण्यासाठी चाललेला पाठपुरावा, अशा कामांत इतर धर्मांच्या आणि कोणताच धर्म न मानणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर, शेवटी सतरंज्या उचलण्यापर्यंत थांबणारा साधा सभासद होणे, हेही शिष्यत्वच आहे. यिर्मया संदेष्ट्याने बाबेलमधल्या (बॅबिलोनमधल्या) यहूदी बंदिवानांना पाठवलेले पत्र हेच सांगते: घरे बांधा, बागा लावा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे हित पाहा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. ते नगर त्यांना जिंकून नेणाऱ्यांचे होते. त्याच पत्रात पुढे बंदिवासाची मुदत 70 वर्षांची सांगितली आहे. म्हणजे त्या बागा लावणाऱ्यांपैकी बहुतेकांना मायदेशी परतायला मिळणार नव्हते.